अंगठी, दया आणि रुपेरी पडदा

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघतो आहे असे कळले की वाचकाच्या मनात आनंद आणि धास्ती एकाच वेळी उभी राहतात. आनंद यासाठी, की इतकी वर्षे मनश्चक्षूंनी पाहिलेले जग आता उघड्या डोळ्यांनी पाहता येणार. आणि धास्ती यासाठी, की ते जग आपल्या ओळखीचे राहिले असेल की नाही याची खात्री नसते. चित्रपटगृहातून बाहेर पडताना मग एकच हिशेब सुरू होतो. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्राला कात्री लावली, या संवादाची जागा बदलली. असा हिशेब मांडणे सोपे आहे. परंतु त्यातून रूपांतराची खरी पारख होत नाही, असे आम्हाला वाटते. हजार पानांची कादंबरी पडद्यावर आणायची तर काटछाट अटळच. रूपांतरकाराने किती गाळले यापेक्षा, कथेला जिवंत ठेवणारी नस त्याच्या हाताला लागली का, आणि लागली असल्यास ती त्याने जपली का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न आम्ही येथे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी काढलेल्या चित्रत्रयीला विचारणार आहोत. त्रयीतला पहिला चित्रपट डिसेंबर २००१ मध्ये आला. त्या घटनेला आता पाव शतक होत आले. कादंबरीच्या आधी चित्रपट पाहिलेली एक पिढी मधल्या काळात मोठी झाली, आणि तिच्यातल्या पुष्कळांनी कादंबरी उघडलीच नाही. त्यांच्यापुरता चित्रपट हाच मूळ ग्रंथ. तेव्हा चित्रपटाने त्यांच्या हाती काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी चार शब्द. साउरॉन नावाच्या काळोखाच्या अधिपतीने घडवलेली एक अंगठी आहे. ती बाळगणाऱ्याला सामर्थ्य मिळते, पण हळूहळू त्याचे स्वत्व गळून पडते. जिथे ती घडली त्या मॉर्डोरच्या ज्वालामुखीतच ती नष्ट होऊ शकते. हे काम एखाद्या वीराकडे न जाता फ्रोडोकडे येते. तो हॉबिट नावाच्या बुटक्या, घरकोंबड्या, खाण्यापिण्यात रमणाऱ्या जमातीतला. त्याच्या सोबतीला त्याचा माळी सॅम. आणि त्यांच्या मागावर गॉलम. गॉलमही एके काळी हॉबिटांच्याच जातकुळीतला होता. त्याने अंगठीसाठी मित्राचा खून केला आणि शतकानुशतके ती उराशी धरून पहाडाच्या पोटात काळोखात काढली.

टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. त्यांच्या आईने १९०० साली कॅथलिक धर्म स्वीकारला, त्यापायी आप्तांचा रोष आणि आर्थिक ओढग्रस्ती सोसली, आणि १९०४ साली, टॉल्किन १२ वर्षांचे असताना, मधुमेहाने ती वारली. वडील त्याआधीच गेले होते. पोरक्या झालेल्या दोघा भावांचे पालकत्व बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी निभावले. पुढे १९१६ साली सोमच्या रणभूमीवर टॉल्किननी महायुद्ध पाहिले आणि खंदकज्वराने आजारी होऊन ते मायदेशी परतले. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या मुळाशी या दोन्ही गोष्टी आहेत : आईने प्राणपणाने जपलेली श्रद्धा, आणि खंदकात पाहिलेली साध्या सैनिकांची सोशिकता.

डिसेंबर १९५३ मध्ये येशूसंघीय स्नेही रॉबर्ट मरे यांना लिहिलेल्या पत्रात टॉल्किननी आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे नमूद केले आहे. प्रथम ती नकळत तशी घडली, पुनर्लेखनाच्या वेळी जाणीवपूर्वक. आणि म्हणूनच त्यांनी तिच्यात धर्माचा, उपासनाविधींचा उघड उल्लेख ठेवला नाही. श्रद्धा कथेच्या ताण्याबाण्यात विरघळलेली आहे. कादंबरीत कोठे देऊळ नाही, धर्मगुरू नाही. तरीही अंगठी वाहून नेणारी मंडळी प्रवासाला निघतात ती २५ डिसेंबरला, आणि अंगठी नष्ट होते २५ मार्चला, म्हणजे देवदूताने पवित्र मरियेला निरोप दिला त्या सणाच्या दिवशी. लेखक याकडे बोट दाखवत नाही. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

या कादंबरीवर चित्रपट काढण्याचा विचार टॉल्किन हयात असतानाच सुरू झाला होता. १९५८ साली त्यांच्यापुढे एका नियोजित चित्रपटाचा कच्चा आराखडा आला. त्यावर त्यांनी लिहिलेले सविस्तर टिपण रूपांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. ज्या भागांवर कथेचा खास सूर अवलंबून आहे तेच कापून लढायांना झुकते माप दिले आहे, अशी त्यांची मुख्य तक्रार होती. एल्फ लोकांनी प्रवाशांना दिलेली ‘लेम्बास’ ही भाकरी आराखड्यात केवळ सत्त्वयुक्त अन्न होऊन बसली होती. टॉल्किननी यावर हरकत घेतली. लांबचा प्रवास थोड्या शिदोरीत कसा झाला हे पटवण्यापुरती ती भाकरी नाही. तिला त्याहून फार मोठा, भीतभीत म्हणायचे तर धार्मिक स्वरूपाचा अर्थ आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. मरणोन्मुख माणसाला अखेरच्या वाटेची शिदोरी म्हणून दिला जाणारा ख्रिस्तशरीराचा संस्कार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही. ही भाकरी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

तो चित्रपट निघालाच नाही. १९६९ साली हक्क विकले गेले, १९७८ साली राल्फ बाक्शी यांचा सचेतपट आला आणि कथा अर्ध्यावर सोडून थांबला. त्यानंतर न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी हे काम हाती घेतले. फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांच्यासह त्यांनी पटकथा रचली. ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण सलग झाले, आणि २००१, २००२ व २००३ या तीन वर्षांच्या डिसेंबरात ते प्रदर्शित झाले. तिन्ही मिळून नऊ तासांहून अधिक. अखेरच्या चित्रपटाला २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ११ ऑस्कर मिळाले.

हे यश उसने नव्हते हे प्रथम मान्य केले पाहिजे. बोरोमीरचा मृत्यूच घ्या. मोहाला बळी पडून फ्रोडोकडून अंगठी हिसकावू पाहणारा हा योद्धा नंतर दोघा लहान हॉबिटांना वाचवताना बाणांनी विंधला जातो. कादंबरीत ही झुंज आपल्याला दिसत नाही. ॲरागॉर्न पोचतो तेव्हा बोरोमीर झाडाला टेकून अखेरचे श्वास घेत असतो. चित्रपटाने ती झुंज दाखवली, दुसऱ्या खंडाच्या आरंभीचा हा प्रसंग पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणला, आणि मरता मरता बोरोमीर जे कबूल करतो त्याला अवकाश दिला. आपला अपराध स्वतःच्या तोंडाने उच्चारणारा आणि तो ऐकून घेणाऱ्याच्या शब्दाने शांत होणारा हा माणूस पाहताना प्रायश्चित्त संस्काराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. येथे चित्रपट कादंबरीच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, किंबहुना कांकणभर पुढेच आहे.

गॉलमचे तसेच. संगणकाने घडवलेल्या त्या हाडकुळ्या देहामागे अँडी सर्किस या नटाचा आवाज, हालचाली आणि मुद्रा आहेत. गॉलम स्वतःशीच भांडतो आणि त्याच्यातले जुने, भोळे मन दुष्ट मनाला हाकलून दिल्याच्या आनंदात नाचते, हा दुसऱ्या चित्रपटातला प्रसंग आम्ही कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. दुभंगलेला माणूस इतक्या थोड्या सामग्रीत पडद्यावर क्वचितच उभा राहिला असेल.

आता कथेच्या त्या नसेकडे वळू. आमच्या मते ती दया आहे. बिल्बो या वृद्ध हॉबिटाला तारुण्यात गॉलमला ठार करण्याची संधी होती. पण त्या केविलवाण्या जीवाची कीव येऊन त्याने हात आवरला. या प्रसंगाचा इतिहास बोलका आहे. १९३७ साली निघालेल्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हताच. मोठ्या कादंबरीचे काम चालू असता टॉल्किनना त्याची गरज कळली आणि १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी जुने प्रकरण बदलून तो घातला. स्वतःच्या पुस्तकाचेच त्यांनी दयेखातर रूपांतर केले, असे म्हणायला हरकत नाही. बिल्बोने तेव्हाच गॉलमला मारले असते तर बरे झाले असते, असे फ्रोडो पुढे उद्वेगाने म्हणतो, तेव्हा वृद्ध गॅन्डाल्फ त्याला सांगतो की त्या दयेवरच पुष्कळांचे भवितव्य ठरेल. हा संवाद चित्रपटाने घराच्या बैठकीतून उचलून मोरियाच्या काळोख्या भुयारात नेला. हा बदल आम्हाला उचित वाटतो. त्या काळोखात गॉलम मागावर असतो आणि शब्दांना वजन येते.

म्हणजे नस चित्रपटकर्त्यांच्या हाताला लागली होती. तिचे पुढे काय झाले?

कादंबरीत दयेचे तीन हात आहेत. पहिला बिल्बोचा. दुसरा फ्रोडोचा : गॉलम प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा फ्रोडोलाही त्याची दया येते, आणि चित्रपटानेही ते राखले आहे. तिसरा हात सॅमचा, आणि तो सर्वांत महागाचा. सॅमने गॉलमचा मनापासून तिरस्कार केलेला असतो. ज्वालामुखीच्या उतारावर गॉलम त्याच्या तलवारीखाली सापडतो, पण सॅमचा हात उठत नाही. मधल्या काळात थोडा वेळ का होईना त्याने स्वतः अंगठी वाहिलेली असते, आणि तिच्या दास्यात काय यातना असतील याची पुसट कल्पना त्याला आलेली असते. चित्रपटात उतारावरची मारामारी आहे, पण हा थांबलेला हात नाही.

त्याहून मोठी हानी सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर झाली आहे. कादंबरीत तेथे काय घडते ते पाहा. थकलेला फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोके ठेवून झोपला आहे, सॅमलाही डुलकी लागली आहे. या दोघांना राक्षसी कोळिणीच्या तोंडी देण्याचा बेत करून गॉलम परत येतो आणि हे दृश्य पाहून थबकतो. तो मागे वळून पाहतो, मान हलवतो, आणि मग थरथरता हात पुढे करून अगदी अलगद फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. त्या क्षणी कोणी पाहिले असते तर त्याला तेथे राक्षस दिसला नसता; सगेसोयरे, मित्र, तारुण्य सारे मागे पडलेला एक शिणलेला म्हातारा हॉबिट दिसला असता. इतक्यात सॅमला जाग येते. धन्याच्या अंगाशी गॉलमचा हात पाहून तो त्याच्यावर खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा हिरवी चमक येते आणि तो क्षण कायमचा निघून जातो. सॅम वाईट नाही. तो कथेतला सर्वांत निष्ठावान जीव आहे, आणि त्याच्या निष्ठेतूनच तो कठोर शब्द निघतो. १९६३ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किननी या क्षणाला कथेतला कदाचित सर्वांत शोकात्म क्षण म्हटले आहे. गॉलमचा पश्चात्ताप तेव्हा फळला असता, तर अखेर अंगठी पुन्हा हाती घेऊनही त्याने फ्रोडोसाठी स्वतःला आगीत झोकून दिले असते, अशी शक्यता त्यांनी तेथे मांडली आहे.

चित्रपटात, त्याच पायऱ्यांवर, गॉलम शिल्लक राहिलेली लेम्बास दरीत फेकून देतो आणि तिचे कण झोपलेल्या सॅमच्या अंगावर सांडतो. जागा झालेला फ्रोडो गॉलमवर विश्वास ठेवतो आणि सॅमला परत पाठवतो. ज्या भाकरीला टॉल्किननी पवित्र अर्थ दिला होता ती येथे चोरीचा खोटा पुरावा होते. ज्या जागी एक पापी परतण्याच्या उंबरठ्यावर येतो त्या जागी एक लबाडी येते. आणि ज्या दोघांच्या मैत्रीला कादंबरीत कधी तडा गेला नाही, तिला उत्कंठेपुरता तडा दिला जातो. आम्हाला हा बदल गाळलेल्या शंभर पानांपेक्षा अधिक बोचतो.

चित्रपटाच्या बाजूने जे सांगितले जाते तेही ऐकले पाहिजे. पडद्याला संघर्ष लागतो. अंतर्मनातले आंदोलन कादंबरीकार शब्दांत सांगू शकतो, कॅमेऱ्याला ते दिसत नाही. फॅरामीरच्या पात्रात केलेल्या बदलाचे समर्थन असेच केले गेले. कादंबरीतला फॅरामीर अंगठीचा मोह सहज नाकारतो. तसे पडद्यावर दाखवले असते तर अंगठीची दहशतच उरली नसती, असे पटकथाकारांचे म्हणणे. यात तथ्य आहे, आणि फॅरामीरपुरते ते आम्ही मान्यही करू. परंतु पायऱ्यांवरच्या प्रसंगाला ही सबब लागू पडत नाही. दोन झोपलेले जीव, एक थबकलेली आकृती, पुढे आलेला थरथरता हात, एक खेकसणे आणि पालटलेले डोळे. यात न दिसणारे काय आहे? अख्ख्या कादंबरीत याहून चित्रपटाला सोयीचे दृश्य शोधून सापडणार नाही. ते चित्रित करायला लागणारा नटही त्यांच्यापाशी होता.

याचा परिणाम शेवटावर होतो. ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडो हरतो. अंगठी टाकायची सोडून ती आपली असल्याचे तो जाहीर करतो. चित्रपटाने हे धैर्याने राखले, याबद्दल त्याचे ऋण मानायला हवे. नायकाचा पराजय इतक्या खर्चाच्या चित्रपटात सहसा कोणी दाखवत नाही. कादंबरीत यापुढे गॉलम झडप घालतो, फ्रोडोच्या बोटासह अंगठी चावून तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता पाय घसरून आगीत पडतो. कोणी त्याला ढकलत नाही. तिघांनी वेगवेगळ्या वेळी दया दाखवून ज्याला जिवंत ठेवले, तो नसता तर कार्य सिद्धीस गेलेच नसते. टॉल्किननी १९५६ मधील एका पत्रात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील क्षमेची आणि मोहापासून सुटकेची याचना याच संदर्भात आठवली आहे. माणसाची शक्ती संपते तेथे त्याने पूर्वी केलेली क्षमा त्याच्यासाठी उभी राहते.

चित्रपटकर्त्यांना हा शेवट निष्क्रिय वाटला. त्यांनी प्रथम फ्रोडो गॉलमला ढकलतो असे चित्रित केले, आणि मग तो सरळ खून दिसतो हे ध्यानात आल्याने ते पुन्हा चित्रित केले. अंतिम रूपात बोट गमावलेला फ्रोडो उठून गॉलमशी झोंबतो आणि दोघेही कड्यावरून कोसळतात. फ्रोडो कडेला लोंबकळतो, आणि सॅम त्याला हात देतो. तो पुढे केलेला हात सुंदर आहे यात शंका नाही. पण फ्रोडो झोंबतो ते अंगठी नष्ट करण्यासाठी नव्हे, ती परत मिळवण्यासाठी. म्हणजे येथे लोभानेच लोभाला गिळले. हीसुद्धा एक नीतिकथा आहे, आणि खोटी नाही. मात्र मोरियाच्या भुयारात गॅन्डाल्फने जी हुंडी लिहिली होती, ती वटत नाही. दयेचे शब्द प्रेक्षकाच्या कानावर पडतात. दया काम करताना त्याला दिसत नाही. अंगठी वितळल्यावर कादंबरीतला फ्रोडो गॉलमला क्षमा करू या म्हणतो, तेही चित्रपटात नाही.

याच सूत्रातले आणखी एक फूल गळाले आहे. कादंबरीत हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचे गाव उद्ध्वस्त झालेले असते. ते उद्ध्वस्त करणारा पदच्युत मायावी सारुमान तेथे सापडतो, आणि फ्रोडोवर सुरी चालवूनही फ्रोडो त्याला मारू देत नाही. चित्रपटात गाव जसेच्या तसे हिरवेगार राहते. लांबीचे कारण आम्हाला समजते. शेवट आधीच दीर्घ आहे. पण युद्ध जिंकून आलेल्या माणसाला घरच्या अंगणातही क्षमा करावी लागते, हा धडा त्या कात्रीत गेला.

रूप बदलले की प्राण जातोच असे नाही, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगायला नको. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी पवित्र शास्त्रातली कथा सुमारे ११ हजार ओव्यांत बांधली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले. भाषा बदलली, छंद बदलला, श्रोता बदलला, उपमा या मातीतल्या आल्या. कथेचा गाभा मात्र होता तिथेच राहिला. रूपांतरकाराला एवढे स्वातंत्र्य आहे, आणि एवढेच बंधन.

जॅक्सन यांची त्रयी आम्ही पुन्हा पाहू, मुलांनाही दाखवू. त्यानंतर २०१२ ते २०१४ मध्ये लहानशा ‘द हॉबिट’चे ताणून केलेले तीन चित्रपट आले, २०२२ पासून कादंबरीच्या परिशिष्टांवर आधारलेली मालिका आली, त्यांच्याशी तुलना करता या त्रयीची उंची अधिकच जाणवते. आमची विनंती इतकीच, की चित्रपट संपल्यावर मुलांच्या हाती कादंबरी द्यावी आणि सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांचे प्रकरण त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

कारण तो प्रसंग मध्य-पृथ्वीपुरता नाही. आपल्या वस्त्यांतूनही असे कोणी ना कोणी असते. दारूपायी घर उधळलेला, भावाची जमीन लाटलेला, वर्षानुवर्षे देवळाची पायरी न चढलेला. कधी तरी एखाद्या संध्याकाळी तो दारापर्यंत येतो, हात पुढे करतो. आणि आतून आपल्यातलाच एखादा सॅम, चांगला, निष्ठावान, घराची काळजी वाहणारा, त्याच्यावर खेकसतो. गेलेला तो क्षण मग कोणत्याच आवृत्तीत परत येत नाही.